अब्बांची हलती अक्षरं

मागच्या अंकात जुने फोटो कसे सांभाळायचे ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत एका वाचक भगिनीने विचारलं आहे : "ईदला मुलीने कार्ड बनवलं. त्यात चंद्र हळूहळू वर येतो. आमच्या संगणकावर छान येत होता. नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर सगळ्यांकडे चंद्र जागच्या जागी थांबलेला. असं का झालं?"

या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येईल आणि ते पुढे देणारच आहे. पण हलत्या चित्रांचा हाच घोळ यंदा आमच्या घरातही झाला, आणि तो एका चंद्रापुरता नव्हता. म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

आमचं सेलू म्हणजे परभणीचं नव्हे, वर्ध्याचं. दरवेळी हे सांगावं लागतं. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, बोर धरणाच्या अलीकडचं. माझं माहेर आणि सासर दोन्ही इथलंच, त्यामुळे अब्बांनी रंगवलेल्या पाट्यांखालूनच माझी शाळा झाली आणि वरातही गेली. मरहूम अब्बा पेंटर होते. किराणा दुकान, कृषी केंद्र, दवाखाना, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं मालकाचं नाव, निवडणूक आली की भिंती. मराठी पाटी असो की मशिदीतल्या नमाजच्या वेळांचा उर्दू फळा, हात तोच. लोक म्हणायचे, पेंटरभाईंची मराठी "र" उर्दूसारखी लवते. अब्बा म्हणायचे, "हाथ एकच आहे बाबा, त्याला काय माहीत कोणती भाषा चालली आहे."

मग वर्ध्यात फ्लेक्सची मशिनं आली. रंगवलेल्या पाटीला चार दिवस लागत, फ्लेक्स दुपारी सांगितला की संध्याकाळी हातात. दोन-तीन वर्षांत अब्बांचं काम बसलं. ब्रश धुऊन, पुसून, जुन्या ट्रंकेत गेले.

2007 च्या हिवाळ्यात माझा धाकटा भाऊ नागपूरहून सुट्टीला आला. तो तेव्हा मल्टिमीडियाचा कोर्स करत होता. त्याच्या डोक्यात आलं की अब्बांकडून अक्षरं काढून घ्यायची, पण तयार अक्षर नव्हे, घडत जाणारं अक्षर. म्हणजे मुलाला पडद्यावर दिसावं की अलिफ वरून खाली येतो, जीमचं डोकं आधी आणि पोट नंतर, आणि नुक्ता सगळ्यात शेवटी. तसंच मराठी अक्षरात आधी गोलाई, मग दांडी, मग शिरोरेघ.

भावाने खिडकीजवळ टेबल लावलं. दोन स्टुलांवर आडवी फळी टाकली, फळीला कॅमेरा बांधला. कागद चिकटपट्टीने टेबलाला पक्का केला. अब्बा ब्रश एक बोटभर फिरवायचे, हात बाजूला घ्यायचे आणि "हां" म्हणायचे. भाऊ बटण दाबायचा. पुन्हा बोटभर, पुन्हा "हां." एका अक्षराचे कित्येक फोटो. लोडशेडिंगचे दिवस होते, म्हणून सकाळच्या उजेडातच काम चाले आणि दिवसभर भाऊ वीज येण्याची वाट पाहत बसे, आली की फोटो साफ करायला. प्रत्येक फोटोतला कागद काढून टाकायचा, फक्त रंगाची रेघ ठेवायची. अलिफपासून बडी येपर्यंत आणि मग मराठी अ पासून ज्ञ पर्यंत. दीड महिना हे चाललं. काम गेल्यापासून गप्प बसणारे अब्बा त्या दीड महिन्यात भावाला रागवायलासुद्धा लागले. अम्मी म्हणाली, "चला, बरे झाले."

भावाने ती चित्रं एका प्रोग्राममध्ये जोडली. नाव लिहीत नाही, पण त्या काळी वेबवर हलणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्यातच बनायची. अब्बांची अक्षरं चालू लागली. मोहल्ल्यातली पोरं दुपारी आमच्याकडे येऊन बसत आणि पडद्यावरच्या ब्रशबरोबर पाटीवर गिरवत. माझी मुलगीही त्यात होती.

अब्बा 2013 ला गेले.

यंदा माझी नात पाच वर्षांची झाली. शाळेत मराठी, घरी तिची अम्मी उर्दू शिकवते. तिचा गोंधळ असा की एक लिपी डावीकडून आणि एक उजवीकडून, म्हणून ती दोन्ही मधूनच सुरू करते. मुलगी म्हणाली, "अम्मी, नानाची अक्षरं आहेत ना कुठेतरी?" ट्रंकेत होती. सीडी सापडली, सीडी चालवणारा एक जुना संगणक आमच्या दुकानात अजून आहे. (आमचं टायपिंगचं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं लहानसं दुकान आहे. तिथे काहीही फेकलं जात नाही, ही घरच्यांची तक्रार.) सीडी फिरली, फाइल दिसली, क्लिक केलं. उघडेना. भाच्याने नव्या लॅपटॉपवर प्रयत्न केला, तिथेही नाही. ज्या कंपनीचा तो प्रोग्राम होता तिने तो काही वर्षांपूर्वी बंद केला होता आणि नवे ब्राउझर त्याला दारातही उभं करत नव्हते.

कंपनीने दगा दिला असं मी म्हणणार नाही. धंदा परवडेना, दुकान बंद केलं. चूक आमची होती. आमचा माल आम्ही दुसऱ्याच्या गोदामात ठेवला, किल्ली एकट्या मालकाकडे होती, आणि आमच्याकडे पावतीसुद्धा नव्हती. फाइलचं तसंच असतं. फाइल म्हणजे शेवटी आकड्यांची रांग. कोणता आकडा रंगाचा, कोणता वेळेचा, हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो त्या फाइलचा आराखडा, म्हणजे फॉर्मॅट. तो कागद सगळ्यांसाठी खुला असेल आणि वापरायला कुणाची परवानगी लागत नसेल, तर एक प्रोग्राम मेला तरी दुसरा कुणी तो वाचून नवा लिहू शकतो. कागद कंपनीच्या तिजोरीत असेल तर तिजोरीबरोबर तोही गेला. छपाईच्या धंद्यातल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. युनिकोड रुळण्याआधी एका मराठी फॉन्टमध्ये बसवलेला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की नुसती गिचमीड, आणि उर्दूत तर इनपेजची जुनी फाइल इनपेजशिवाय उघडायची म्हणजे अजूनही खटपट.

संध्याकाळी भाचा पुन्हा सीडी चाळत बसला. आत "कच्चं" नावाचं एक फोल्डर होतं. त्यात 411 चित्रं. अब्बांच्या प्रत्येक "हां"चं एक. सगळी पीएनजी फाइल. क्लिक केलं, पहिलं उघडलं. दुसरं उघडलं. सगळी उघडली.

पीएनजी म्हटलं की आपल्याकडे आधी सोन्याचं दुकान आठवतं, पण हा पीएनजी वेगळा. आणि त्याची जन्मकथाच किल्लीवरून झालेल्या भांडणाची आहे.

हलत्या चित्रांसाठी सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे गिफ. काही जण जिफ म्हणतात, बनवणाराही जिफच म्हणायचा. अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या गटाने 1987 च्या जूनमध्ये ते बाहेर आणलं. 1989 मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला नेटस्केप ब्राउझरने त्यातली चित्रं पुन्हा पुन्हा फिरवण्याची सोय केली. त्या काळची वेबपानं आठवत असतील तर फिरणारे गोळे, लुकलुकणारं "नवीन", हे सगळं गिफ. फाइल लहान व्हावी म्हणून त्यात आकडे दाबून बसवण्याची एक पद्धत वापरली होती. टेरी वेल्च यांनी ती 1984 मध्ये एका संगणकविषयक मासिकात छापली होती. छापून आलेली गोष्ट म्हणजे सगळ्यांची, असा समज. पण तिच्यावर पेटंट होतं, आणि ते फिरत फिरत युनिसिस कंपनीकडे आलं. 1994 च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाहीर झालं की गिफ वाचणारे किंवा बनवणारे प्रोग्राम विकायचे तर पैसे भरावे लागतील. सात वर्षं जग ज्या विहिरीवर पाणी भरत होतं तिच्यावर अचानक मालकाची पाटी लागली.

मग जी धांदल उडाली तिच्यातून आठवड्याभरात, 1995 च्या जानेवारीच्या पहिल्याच दिवसांत, थॉमस बूटेल यांनी एका नव्या आराखड्याचा पहिला मसुदा इंटरनेटवर लोकांपुढे ठेवला. जगभरच्या लोकांनी त्यावर पत्रापत्री करून तो पक्का केला. तो पीएनजी. 1 ऑक्टोबर 1996 ला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने तो मान्य केला. त्यात वापरलेल्या दाबण्याच्या पद्धतीवर कुणाचा हक्क नव्हता आणि त्याचा कागद आजही कुणीही फुकट वाचू शकतो. न्यायाने हेही सांगते की गिफवरचं पेटंट अमेरिकेत 20 जून 2003 ला आणि इतर देशांत पुढच्या वर्षी संपलं. आज गिफसुद्धा मोकळं आहे.

म्हणून भाच्याने सुरुवात गिफनेच केली. अब्बांची जीमची अकरा चित्रं घेतली, जोडली, मागे हिरवा रंग दिला, कारण नातीच्या शाळेतला फळा हिरवा आहे. जीम चालू लागला. नात खूश. मला मात्र ते बघवेना. अक्षराच्या कडेने पांढरी झालर आली होती, कुठे कुठे उंदराने कुरतडल्यासारखी. आणि रंग फिका, ठिपक्याठिपक्यांचा.

दोष भाच्याचा नव्हता. गिफच्या एका चित्रात फार तर 256 रंग बसतात. अब्बांच्या निळ्यात ब्रश ओला होता तिथे एक निळा, सुकत आला तिथे दुसरा, असे शेकडो निळे होते, ते 256 मध्ये कोंबले गेले. आणि गिफमधला एखादा ठिपका एकतर पूर्ण पारदर्शक असतो किंवा पूर्ण भरलेला, मधलं काही नाही. ब्रशची कड तशी नसते. ती कागदात विरत जाते. भावाने 2007 ला कागद काढून टाकताना ती विरणारी कड पीएनजीत जपली होती, कारण पीएनजीत प्रत्येक ठिपक्याला 256 पायऱ्यांचा पारदर्शकपणा देता येतो आणि रंग तर एक कोटी साठ लाखांहून जास्त. गिफने ती कड कापली किंवा पांढऱ्यात मिसळली. पांढऱ्या पानावर हे कळत नाही. हिरव्या फळ्यावर लगेच कळतं. पत्र लिहिणाऱ्या भगिनीने आपल्या मुलीचा चंद्र गडद आकाशावर नीट पाहावा, त्यालाही बहुधा अशीच झालर असेल.

मग पीएनजीच का हलत नाही? कारण बनवणाऱ्यांनी ठरवूनच तो एका स्थिर चित्रासाठी ठेवला. हलत्या चित्रांसाठी त्याच मंडळींनी वेगळा आराखडा काढला, त्याचं नाव एमएनजी, पहिली पक्की आवृत्ती 2001 च्या जानेवारीची. त्यात काय नव्हतं? सगळं होतं, आणि तेच नडलं. नियमांचा कागद इतका जाड झाला की ब्राउझरवाल्यांना तो पेलवेना. मोझिलाने 2003 मध्ये तो आपल्या ब्राउझरमधून काढूनही टाकला. पंगत मोठी मांडली, जेवायला कुणी आलं नाही.

2004 मध्ये मोझिलातल्याच दोघांनी, स्टुअर्ट पारमेंटर आणि व्लादिमीर वुकिचेविच यांनी, साधा उपाय काढला. नवं काही रचायचं नाही. आहे त्याच पीएनजीत आणखी काही चित्रं आणि प्रत्येकाची वेळ घालायची. याचं नाव एपीएनजी, म्हणजे हलता पीएनजी. त्यांना ब्राउझरमधलं "थांबा, काम चालू आहे" सांगणारं फिरतं चक्र नीट दिसावं, एवढीच गरज होती. पण पीएनजीची मूळ मंडळी नाराज झाली. स्थिर म्हणून ओळखली जाणारी फाइल हलू लागली तर फसगत होईल, आणि हलत्यासाठी आपण एमएनजी दिला आहेच की, असा त्यांचा आक्षेप. 2007 च्या एप्रिलमध्ये मतदान होऊन एपीएनजी नाकारला गेला.

आक्षेप अगदीच खोटा नव्हता, हे मला पुढे फाइल पाठवताना कळलं. पण निकाल चुकला असं माझं मत. घरात सगळ्यांना परवडेल असं जेवण शिजत असताना, पाककृती आपल्या वहीतली नाही म्हणून ताट सारायचं, यातला प्रकार.

आराखडा खुला होता, म्हणून नकाराने तो मेला नाही. मोझिलाने 2008 च्या जूनमध्ये आलेल्या फायरफॉक्स 3 मध्ये तो घेतला. माझा भाऊ अब्बांची अक्षरं त्या बंद डब्यात भरत होता त्यानंतर काही महिन्यांतच! त्याला पत्ताही नव्हता. पुढे 2014 ला अ‍ॅपलच्या सफारीने, 2017 ला गुगलच्या क्रोमने आणि 2020 ला मायक्रोसॉफ्टच्या एजने तो स्वीकारला. आणि 24 जून 2025 ला पीएनजीची तिसरी आवृत्ती मान्य झाली, तिच्यात एपीएनजी रीतसर आहे. नाकारल्यानंतर 18 वर्षांनी घरच्या कागदावर नाव लागलं.

त्याची आतली रचना मला फार आवडली, म्हणून थोडं थांबून सांगते.

पीएनजीची फाइल म्हणजे ताळींचा जेवणाचा डबा समजा. प्रत्येक ताळीवर चार इंग्रजी अक्षरांची चिठ्ठी असते आणि आत किती माल आहे ते लिहिलेलं असतं. माल वाटेत बिघडला का ते तपासायला शेवटी एक आकडाही असतो. चिठ्ठीचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं असेल तर ती ताळी समजलीच पाहिजे, नाहीतर चित्र दाखवता येणार नाही. पहिलं अक्षर लहान लिपीतलं असेल तर अर्थ असा : समजत असेल तर उघडा, समजत नसेल तर न बोलता बाजूला ठेवा, बाकीचं जेवण होईल. (आपल्या दोन्ही लिप्यांत मोठं-लहान अक्षर नसतं, नाहीतर ही युक्ती आपल्याकडेही चालली असती.) एपीएनजीने आपल्या सगळ्या ताळ्या लहान अक्षरांच्या केल्या. एका ताळीत लिहिलेलं असतं की एकूण चित्रं किती आणि ती किती वेळा फिरवायची. तिथे शून्य लिहिलं तर अर्थ "थांबूच नका." मग प्रत्येक चित्राची एक चिठ्ठी : हे किती मोठं, कुठे ठेवायचं, किती वेळ थांबायचं, मागचं पुसायचं की त्याच्यावरच ठेवायचं.

म्हणजे जुना प्रोग्राम, ज्याला एपीएनजी ठाऊकच नाही, तो या ताळ्या बाजूला ठेवतो आणि पहिलं चित्र मुकाट्याने दाखवतो. रिकामा चौकोन नाही, "उघडता येत नाही" नाही.

"मागचं पुसू नका" ही सूचना तर जणू अब्बांसाठीच लिहिली असावी. अक्षर घडताना मागचं पुसायचं नसतंच. त्यामुळे दुसऱ्या चित्रात पूर्ण अक्षर ठेवायची गरज नाही, फक्त नव्याने फिरलेला बोटभर ब्रश ठेवला की पुरे. फाइल लहान होते. आमचं एक अक्षर साधारण 90 केबीत बसलं. आणि प्रत्येक चित्राची वेळ वेगळी देता येते, सेकंदाचा अपूर्णांक लिहून. अब्बांचा हात जीमच्या पोटाला वळताना हळू व्हायचा, हे भाच्याला कसं कळणार? मी त्याच्या शेजारी बसून सांगितलं. इथे एकदशांश, इथे तीनदशांश, इथे थांब. नुक्त्याआधी जरा जास्त थांब, कारण अब्बा ब्रश परत रंगात बुडवायचे. शेवटच्या चित्राला दोन सेकंद दिले, नातीला पूर्ण अक्षर डोळाभर पाहता यावं म्हणून.

आणखी एक सोय सापडली. पहिलं चित्र हलत्या रांगेत घ्यायचं की नाही हे आपल्या हाती असतं. आमचं पहिलं चित्र म्हणजे ब्रशचा पहिला स्पर्श, नुसता निळा ठिपका. जुन्या फोनवर तेवढाच ठिपका दिसला असता. म्हणून भाच्याने पहिल्या जागी पूर्ण झालेलं अक्षर ठेवलं आणि ते रांगेतून वगळलं. आता नव्या ब्राउझरमध्ये जीम घडताना दिसतो, आणि माझ्या जाऊबाईंच्या जुन्या मोबाइलवर तयार जीम दिसतो. दोघींनाही जीमच मिळतो.

आता चंद्राचं उत्तर. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र फोटो म्हणून पाठवलं की ते चित्र वाटेत दाबून जेपेग या स्थिर प्रकारात बदललं जातं. हलणाऱ्या ताळ्या तिथेच गळतात. तिथे जे "गिफ" म्हणून फिरतं ते आतून छोटा मुका व्हिडिओ असतो, आणि हलती स्टिकर्स वेबपी नावाच्या गुगलच्या आराखड्यातली असतात. तोही खुलाच आहे. तेव्हा मुलीला सांगा, कार्ड फोटो म्हणून न पाठवता "डॉक्युमेंट" म्हणून पाठव. मग फाइल जशीच्या तशी जाते. घेणाऱ्याने ती ब्राउझरमध्ये उघडायची, कारण फोनमधली फोटो दाखवणारी कित्येक अ‍ॅप अजून फक्त स्थिर चित्र दाखवतात. आणि फाइलच्या नावाशेवटी बहुतेक वेळा पीएनजीच असतं, त्यामुळे हलतं कोणतं आणि स्थिर कोणतं हे नावावरून कळत नाही. 2007 ला नाही म्हणणाऱ्यांचा मुद्दा तो हाच. आम्ही नावातच "हलतं" असं लिहून ठेवतो.

बनवायला "एपीएनजी असेंबलर" नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. चित्रं क्रमाने एका फोल्डरमध्ये ठेवायची, नावाला 01, 02 असे आकडे द्यायचे (1, 2 दिलेत तर 10 वा 2 च्या आधी येऊन बसण्याची भीती, आमचा पहिला अलिफ असाच कोलांट्या खात होता), वेळ लिहायची, झालं. मात्र निकाहाचा किंवा बाळाच्या पहिल्या पावलाचा व्हिडिओ या डब्यात भरायला जाऊ नका. कॅमेऱ्याच्या चित्रात प्रत्येक ठिपका दर क्षणी बदलतो, फाइल अवाढव्य होते, आणि आवाज तर त्यात नसतोच. त्यासाठी व्हिडिओच बरा. एपीएनजी अक्षरं, नकाशे, रेखाचित्रं, विणकामाचा टाका कसा घालायचा, अशा गोष्टींसाठी. आणि जे काही बनवाल, त्याचं "कच्चं" फोल्डर वेगळं जपून ठेवा. आमचं घर त्या एका फोल्डरमुळे वाचलं.

सगळंच वाचलं नाही. 411 चित्रांत उर्दूची तीन आणि मराठीची पाच अक्षरं अपुरी निघाली. "ळ" चं फक्त सुरुवातीचं वळण आहे. "झ" चं फोल्डर रिकामं. उर्दूतला "ऐन" अर्ध्यावर थांबतो, बहुधा वीज गेली असेल किंवा भावाने ती चित्रं थेट त्या बंद डब्यातच टाकली असतील. त्याला आता आठवत नाही. भाचा म्हणाला, "फुफी, कॉम्प्युटरवर दुसऱ्या अक्षरांचे तुकडे जोडून ऐन बनवून देतो, कुणाला कळणार नाही." मला कळेल, म्हणून मी नको म्हटलं.

नात मात्र मागे लागली आहे. रोज सकाळी लॅपटॉप उघडून पाटी घेऊन बसते. अब्बांचा ब्रश जिथे थांबतो तिथे तिची पेन्सिलही थांबते. परवा तिने ब मध्ये शिरोरेघ आधी मारली, पडद्याकडे पाहिलं, पुसली, आणि पुन्हा गोलाईपासून सुरू केलं. मग विचारलं, "नानी, ऐन का थांबतो?"

भावाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला, बकरी ईदला येतो, कॅमेरा आणतो, अब्बांसारखं नाही जमणार पण हात त्यांनीच बसवलाय. ट्रंकेतून अब्बांचा सहा नंबरचा ब्रश काढला. केस दगडासारखे कडक झाले आहेत. वाटीत टर्पेंटाइन घेऊन त्यात बुडवून ठेवला आहे. आज चौथा दिवस, टोक थोडं मऊ झालं आहे.